वृषणाचा आकार बदलला तर केव्हा थांबता येते आणि केव्हा नाही

पुण्यात नवी पेठेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या २६ वर्षांच्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न असा आहे. गेल्या दोन महिन्यांपासून त्याला उजवे वृषण डाव्यापेक्षा मोठे आणि एका बाजूने टणक लागते आहे. दुखत नाही, ताप नाही, लघवीचा त्रास नाही. खोलीतला मित्र म्हणतो की हायड्रोसील, म्हणजे अंडकोशात साठलेले पाणी, असेल, गावाकडे पुष्कळांना असते. परीक्षा होईपर्यंत थांबले तर चालेल का, आणि दाखवायचे तर नेमके कोणाला?

थांबू नका, हे माझे उत्तर आहे. याच आठवड्यात मूत्ररोगतज्ज्ञांना, म्हणजे यूरोलॉजिस्टना, दाखवा आणि अंडकोशाची सोनोग्राफी करून घ्या. तुम्हाला घाबरवण्याचा हेतू नाही. तपासणीत अगदी किरकोळ कारण निघण्याचीही शक्यता आहे. मात्र तरुण वय, टणकपणा, वेदनांचा अभाव आणि टिकून राहिलेला बदल या गोष्टी एकत्र आल्या की तपासल्याशिवाय कोणताही जबाबदार डॉक्टर ‘काही नाही’ असे म्हणू शकत नाही. इतक्या वर्षांच्या कामात मला सर्वांत जास्त खटकत आलेली गोष्ट अशी की, या अवयवाच्या बाबतीत माणसे दुखण्यावरून आजाराचे गांभीर्य ठरवतात. दुखत नाही म्हणून महिनोन्‌महिने कोणाला सांगत नाहीत. आणि शाळकरी मुलाला मध्यरात्री असह्य दुखू लागले तर लाजेपोटी सकाळपर्यंत कळ काढतो. दोन्ही वेळा नुकसान थांबण्यामुळेच होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी निरोगी अवस्था कशी असते ते माहीत हवे. बाहेरची त्वचेची पिशवी म्हणजे अंडकोश आणि तिच्या आतल्या दोन ग्रंथी म्हणजे वृषणे. शुक्राणू नीट तयार होण्यासाठी वृषणांचे तापमान शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी असावे लागते, आणि ते राखण्यासाठी पिशवीतले स्नायू सतत आकुंचन-प्रसरण पावत असतात. जानेवारीतल्या पहाटे अंडकोश आक्रसून वर ओढला जातो आणि एप्रिलच्या दुपारी सैल होऊन खाली लोंबतो, यात आजार काही नाही. बहुतेक पुरुषांत डावे वृषण उजव्यापेक्षा थोडे खाली असते, आणि दोन्हींच्या आकारात किंचित फरक असणेही स्वाभाविक आहे. प्रौढ माणसाचे वृषण साधारण चार ते पाच सेंटिमीटर लांब आणि तीन सेंटिमीटर रुंद असते. हाताला ते सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखे गुळगुळीत, सर्व बाजूंनी सारखे आणि किंचित दबणारे लागते. पिशवीचा आकार दिवसभरात बदलतो, ग्रंथीचा बदलत नाही. त्यामुळे काळजीचा विषय असतो तो ग्रंथीच्या आकारात, टणकपणात किंवा पृष्ठभागात झालेला आणि टिकून राहिलेला बदल.

वृषणाच्या मागच्या बाजूला वरून खालपर्यंत एक मऊ, दोरीसारखा लांबट भाग लागतो. त्याला अधिवृषण म्हणतात आणि तो प्रत्येकाला असतो. घाबरून आलेल्या कित्येक तरुणांनी ‘गाठ’ म्हणून दाखवलेला भाग हाच असतो. कोमट पाण्याने आंघोळ झाल्यावर, पिशवी सैल असताना, उभे राहून एकेक वृषण दोन्ही हातांच्या अंगठा आणि बोटांमध्ये हलकेच फिरवून पाहिले की आपले स्वतःचे नेहमीचे रूप ध्यानात राहते. सर्व पुरुषांनी अशी नियमित तपासणी केल्याने मृत्यू टळतात, असे सिद्ध झालेले नाही. म्हणून रोज चाचपत बसून मनाला घोर लावून घेण्याचा सल्ला मी देत नाही. ज्यांचे वृषण लहानपणी खाली उतरले नव्हते, किंवा ज्यांच्या वडिलांना अथवा भावाला वृषणाचा कर्करोग झाला होता, त्यांनी मात्र अधूनमधून पाहावे.

आता तुमच्या मनातल्या शंकेकडे येतो. वृषणाचा कर्करोग भारतात विरळा आहे. वर्षाला लाख पुरुषांत एकाहूनही कमी जणांना तो होतो. परंतु इतर बहुतेक कर्करोग उतारवयात गाठतात, तर हा प्रामुख्याने १५ ते ४० या वयात होतो, म्हणजे नेमका अशा वयात की ज्या वयात माणसाला डॉक्टरची गरज क्वचित पडते. बहुधा त्याची सुरुवात वेदनेशिवाय होते. वृषणात एखादी टणक गाठ लागते, किंवा एक बाजू दगडासारखी कठीण होते, किंवा संपूर्ण वृषणच मोठे होऊन जड वाटू लागते. काहींना ओटीपोटात किंवा जांघेत मंद ठणका जाणवतो, त्यामुळे थोडे दुखते आहे म्हणजे कर्करोग नाही, असेही मानता येत नाही. काही गाठी विशिष्ट संप्रेरक तयार करतात आणि त्यामुळे छातीची ग्रंथी सुजून हुळहुळी होते. रोग पसरतो तो बहुधा आधी पोटाच्या मागच्या भागातील, महारोहिणी या मुख्य रक्तवाहिनीजवळच्या लसीका ग्रंथींमध्ये (लिम्फ नोड्समध्ये). म्हणून उशिरा येणाऱ्या रुग्णाची तक्रार कधी कधी फक्त पाठदुखीची असते.

हे सारे सांगतानाच दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे सांगितली पाहिजे. गाठीच्या स्वरूपातल्या, घन अवयवांतील कर्करोगांपैकी सर्वांत चांगल्या रीतीने बरा होणारा हा एक कर्करोग आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेतील डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिन या औषधावर आधारलेली केमोथेरपी वापरात आणली आणि पसरलेला रोगही बरा होऊ लागला. विकसित देशांतील आकडेवारीनुसार रोग वृषणापुरताच असेल तर पाच वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ९९ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि सर्व टप्पे मिळूनही ते ९५ टक्क्यांच्या घरात जाते. युवराज सिंगच्या आजाराची आठवण आपल्याकडे सर्वांना आहे. त्याची गाठ वृषणात नव्हती, दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत होती. पण ती याच जातीच्या पेशींची, सेमिनोमा प्रकारची होती. २०१२ मध्ये आइनहॉर्न यांच्याच देखरेखीखाली त्याने केमोथेरपी घेतली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो भारतीय संघातून पुन्हा खेळला. तेव्हा निदानाची भीती वाटत असेल तर ती निदान लवकर करून घेण्यासाठी वापरा.

निदानाची वाट सरळ आहे. डॉक्टर हाताने तपासतात, सोनोग्राफी होते, आणि सोनोग्राफीत संशयास्पद गाठ दिसली तर अल्फा फीटोप्रोटीन, बीटा एचसीजी आणि एलडीएच या तीन रक्तचाचण्या केल्या जातात. अशा गाठीत अंडकोशाच्या त्वचेतून सुई घालून तुकडा काढायचा नसतो. वृषणातील लसीकेचा प्रवाह पोटाकडे जातो आणि अंडकोशाच्या त्वचेतला जांघेकडे. त्वचेला छेद दिल्यास रोगाला नवी वाट मिळण्याचा धोका राहतो. म्हणून शस्त्रक्रिया जांघेतून केली जाते. कोणी ‘सुईने पाणी काढून पाहू’ असे म्हणत असेल तर सोनोग्राफी झाल्याशिवाय होकार देऊ नका. तेलाने चोळणे, शेकणे, घट्ट लंगोट बांधणे, किंवा भिंतींवर जाहिराती रंगवणाऱ्या ‘गुप्तरोग’ दवाखान्यांतून महिनाभराच्या पुड्या आणणे, यांत वेळेखेरीज काहीही खर्च होत नाही असे रुग्णाला वाटते. माझ्या मते त्यात वेळ हीच सर्वांत महाग वस्तू खर्च होते.

मित्राचा अंदाज चुकीचाच आहे असे नाही. हायड्रोसीलमध्ये वृषणाभोवतीच्या आवरणात पाणी साठते, अंडकोश एका बाजूने फुगतो, तो सहसा दुखत नाही, आणि अंधारात विजेरी लावली तर लालसर प्रकाश आरपार दिसतो. पूर्व विदर्भातील काही जिल्ह्यांत हत्तीरोगाच्या जंतांमुळेही तो होतो. उपचार शस्त्रक्रियेचा, सुईने काढलेले पाणी बहुधा पुन्हा भरते. मात्र पाणी भरल्यावर आतले वृषण हाताला नीट लागत नाही, आणि क्वचित ते पाणीच आतल्या गाठीमुळे साठलेले असते. पन्नाशीच्या शेतकऱ्यात वर्षानुवर्षे असलेले हायड्रोसील आणि २६ वर्षांच्या तरुणात दोन महिन्यांत आलेली सूज यांचे मोजमाप एकाच मापाने करता येत नाही. तान्ह्या बाळाच्या हायड्रोसीलसाठी मात्र सहसा एक ते दोन वर्षे वाट पाहतात, कारण ते बहुधा आपोआप ओसरते. उभे राहिल्यावर किंवा खोकल्यावर वाढणारी आणि आडवे झाल्यावर पोटात परत जाणारी सूज ही हर्नियाची, म्हणजे अंतर्गळाची असते. ती अडकून दुखू लागली आणि उलट्या झाल्या तर तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

वृषणाच्या वरच्या बाजूला शिरांचा मऊ गुंता लागत असेल, उभे राहिल्यावर तो फुगत असेल आणि झोपल्यावर ओसरत असेल, तर तो व्हेरिकोसील असतो. साधारण १५ टक्के पुरुषांत तो आढळतो आणि बहुतांशी डाव्या बाजूला, कारण डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते आणि तिच्यात रक्ताचा दाब अधिक राहतो. त्रास नसेल तर त्याला हात लावण्याची गरज नसते. मूल होण्यात अडचण असेल आणि वीर्यतपासणीत दोष असेल, किंवा वाढत्या वयाच्या मुलाचे त्या बाजूचे वृषण लहान राहू लागले असेल, तर विचार करावा लागतो. चाळिशीनंतर अचानक उद्भवलेला, केवळ उजव्या बाजूचा, किंवा झोपल्यावरही न ओसरणारा व्हेरिकोसील असेल तर मूत्रपिंडात किंवा पोटाच्या मागे गाठ तर नाही ना, हे पाहण्यासाठी पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी.

आता दुसरे टोक, ज्यात तासांचा हिशेब असतो. वृषण ज्या रक्तवाहिन्यांच्या देठाला लटकलेले असते, त्या देठाला पीळ पडला की रक्तपुरवठा तुटतो. हे नवजात बाळांत आणि विशेषतः १२ ते १८ या वयातल्या मुलांत होते, तसे ते प्रौढ माणसातही होऊ शकते. पुष्कळदा मुलगा झोपेतून वेदनेने जागा होतो. वेदना अचानक आणि तीव्र असते, मळमळ आणि उलट्या होतात, आणि ते वृषण वर सरकून आडवे झालेले दिसते. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर दहापैकी नऊ वृषणे वाचतात. चोवीस तास उलटले की वाचण्याची शक्यता फार थोडी उरते. पुष्कळ मुले ‘पोटात दुखते’ एवढेच सांगतात, कारण आईसमोर याहून स्पष्ट बोलायला त्यांना अवघड वाटते, आणि घरात ओवा किंवा ॲसिडिटीची गोळी दिली जाते. म्हणून दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलाचे पोट अचानक दुखू लागले आणि उलट्या होऊ लागल्या तर पालकांनी संकोच न बाळगता ‘खाली दुखते आहे का’ असे विचारावे. वसतिगृहाच्या अधीक्षकांनीही हे ध्यानात ठेवावे. घरापासून दूर असलेल्या मुलासाठी त्या रात्री तेच पालक असतात.

अशा वेळी ओळखीचा दवाखाना उघडण्याची वाट न पाहता चोवीस तास शल्यचिकित्सेची सोय असलेल्या रुग्णालयाच्या अपघात विभागात थेट जावे. पुण्यात ससून हे सरकारी रुग्णालय आहे, तशीच मोठी धर्मादाय आणि खासगी रुग्णालये आहेत. वाटेत मुलाला काही खाऊ-पिऊ घालू नये, कारण भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी लगेच होत असेल तर करावी, पण लक्षणे स्पष्ट असताना तिच्यासाठी तासन्‌तास थांबणे योग्य नाही. शस्त्रक्रियेत पीळ सोडवून दोन्ही बाजूंची वृषणे टाक्यांनी स्थिर केली जातात, कारण ज्या जन्मजात सैल रचनेमुळे पीळ पडतो ती बहुधा दुसऱ्या बाजूलाही असते. अचानक दुखून आपोआप थांबण्याचे प्रसंग मधूनमधून होत असतील तर पीळ पडून सुटत असावा असे समजावे आणि दुखत नसतानाच तज्ज्ञांना भेटावे.

जंतुसंसर्गाची सूज निराळी असते. ती एक-दोन दिवसांत हळूहळू वाढते, लघवीला जळजळ होते, ताप येतो. तरुणांत पुष्कळदा लैंगिक संबंधांतून आलेले जंतू आणि वयस्कांत मूत्रमार्गातले जंतू हे तिचे कारण असते. प्रतिजैविकांनी ती बरी होते, मात्र टणकपणा उतरायला काही आठवडे लागू शकतात. औषधे संपल्यावरही गाठ तशीच राहिली तर सोनोग्राफी पुन्हा करावी, कारण गाठीलाच संसर्ग समजून औषधांवर औषधे देण्याचे प्रकार घडतात. आपल्याकडे क्षयरोगही लक्षात ठेवावा लागतो: अधिवृषण टणक होते, शुक्रनलिका मण्यांच्या माळेसारखी गाठाळ लागते, कधी त्वचेतून पू वाहू लागतो.

पुणे हे दुचाकींचे शहर असल्याने आणखी एक गोष्ट सांगतो. अचानक ब्रेक लागून पेट्रोलच्या टाकीवर आपटल्याने, किंवा मैदानावर गार्ड न घालता खेळताना चेंडू लागल्याने, वृषणाचे जाड आवरण फाटू शकते. तासाभरात ओसरणारी कळ निराळी. सूज वाढत असेल, त्वचा काळीनिळी पडली असेल किंवा वृषणाची कड हाताला लागत नसेल तर त्याच दिवशी दाखवावे. फाटलेले आवरण लवकर शिवले तर वृषण वाचते. आणि ‘चेंडू लागल्यापासून गाठ आहे’ असे सांगणाऱ्या काही जणांत गाठ आधीचीच असते, मार लागल्यामुळे फक्त तिकडे लक्ष गेलेले असते.

वाढण्याबद्दल सारे बोलतात, लहान होण्याबद्दल कोणी बोलत नाही. वयात आल्यावर गालगुंड झाले तर सुमारे २० ते ३० टक्के पुरुषांत वृषणाला सूज येते आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे ते वृषण पुढे आक्रसते. उशिरा सोडवलेला पीळ, जुनी इजा, दीर्घ मद्यपानाने बिघडलेले यकृत हीदेखील कारणे आहेत. पण अलीकडे तरुणांत मला अधिक चिंता वाटते ती व्यायामशाळांतून मिळणाऱ्या टेस्टोस्टेरॉनच्या आणि तत्सम स्टिरॉइडच्या इंजेक्शनांची. बाहेरून संप्रेरक मिळाले की मेंदूतली पियूषिका ग्रंथी वृषणांना काम करण्याचा संदेश देणे थांबवते. दोन्ही वृषणे मऊ आणि लहान होतात, शुक्राणूंची संख्या कधी शून्यावर जाते. इंजेक्शने बंद केल्यावर बहुतेकांत सुधारणा होते, पण तिला अनेक महिने, काहींत वर्षाहून अधिक काळ लागतो. दोन्ही वृषणे पहिल्यापासूनच लहान आणि घट्ट असतील तर गुणसूत्रांची तपासणीही करावी लागते. लहान बाळांच्या पालकांना एवढेच सांगतो की सहा महिन्यांचा होईपर्यंत बाळाचे वृषण पिशवीत उतरले नसेल तर बालशल्यचिकित्सकांना दाखवा. शस्त्रक्रिया साधारण दीड वर्षाच्या आत व्हावी.

तज्ज्ञांकडे जाण्याचा संकोच मला समजतो. तपासणी पाच-दहा मिनिटांची असते, पडद्याआड होते, आणि आमच्यासाठी ती घसा तपासण्याइतकीच नित्याची आहे. सोबत कोणी नको असेल तर तसे सांगा; प्रौढ रुग्णाची माहिती त्याच्या परवानगीशिवाय घरच्यांना दिली जात नाही. जाताना लहानपणच्या शस्त्रक्रिया, गालगुंड, क्षयरोग, मार लागल्याचा प्रसंग, घेतलेली इंजेक्शने, सारे खरे सांगा. खर्चाची चिंता असेल तर ससूनच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवा. पुढे कर्करोगाचे उपचार लागलेच तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत त्यांचा समावेश आहे. लग्न व्हायचे आहे, मग पुढे काय, ही भीती न विचारताही मला दिसते. एक वृषण काढावे लागले तरी दुसरे निरोगी असल्यास पुरुषत्व आणि अपत्यप्राप्ती दोन्हींसाठी ते सहसा पुरेसे असते. तरीही शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी सुरू होण्याआधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. ही सोय पुण्यात उपलब्ध आहे आणि उपचार सुरू झाल्यावर ती संधी बहुधा राहत नाही.

सोनोग्राफीचा अहवाल हातात पडला की त्यात एकच गोष्ट आधी शोधा: गाठ वृषणाच्या आत आहे की बाहेर. बाहेरची, म्हणजे अधिवृषणातली पाण्याची गाठ, शिरांचा गुंता किंवा साठलेले पाणी, बहुतेक वेळा निरुपद्रवी असते आणि तिच्याबद्दल सावकाश ठरवता येते. आतली घन गाठ ही अन्यथा सिद्ध होईपर्यंत कर्करोगाचीच समजली जाते. तसे लिहिलेले आढळले तर इंटरनेटवर रात्र घालवू नका; तोच अहवाल घेऊन दुसऱ्या दिवशी मूत्ररोगतज्ज्ञांकडे जा आणि तिन्ही रक्तचाचण्यांसाठी त्याच दिवशी रक्त द्या.